ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात सार्वजनिक बाक कसा टिकवायचा

देवळाच्या आवारात, कॉलनीच्या बागेत, फिरायच्या रस्त्याच्या कडेला आई-वडिलांच्या स्मरणार्थ बाक देण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. देणाऱ्याचा जीव त्यात असतो. पण बाक ठरवताना बहुतेक वेळा दुकानातला नमुना, भाव आणि पाटीवरचा मजकूर एवढंच बघितलं जातं. मग काही हिवाळे गेले की पायाशी गंज चढतो, सिमेंटला उभी भेग पडते, दगडाचे पापुद्रे सुटतात आणि ज्यांचं नाव पाटीवर आहे त्यांच्या शेजारी कोणी बसत नाही. हे टाळता येतं आणि त्यासाठी फार खर्चही लागत नाही. हा लेख बाक देणाऱ्या कुटुंबांसाठी, देवळांच्या विश्वस्तांसाठी आणि कॉलनीच्या समितीसाठी आहे. यातल्या बऱ्याच गोष्टी नेहमीच्या गवंडी, सुतार आणि वेल्डरकडून करून घेता येतील, फक्त काय मागायचं ते आपल्याला ठाऊक हवं.

ग्वाल्हेरला बाक सर्वांत जास्त वापरला जातो तो थंडीतच. मे महिन्यात दुपारी फूलबागेत कोण बसणार? पण डिसेंबरच्या उन्हात जागा मिळत नाही. तानसेन समारोह याच दिवसांत होतो आणि १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला मेळाही ऐन गारठ्यात भरतो. म्हणजे ज्या महिन्यांत बाकाची खरी गरज, त्याच महिन्यांत तो दवाने रोज तासन्‌तास ओला राहतो.

थंडी काय बिघडवते आणि काय नाही

बाहेरच्या देशांतल्या सूचना वाचल्या तर बर्फ, रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि भेगेत गोठणारं पाणी यांवरच भर दिसतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि दगड फोडतं, हे खरंच आहे. शिमला, श्रीनगर, लेहला बाक बसवायचा असेल तर तीच मुख्य चिंता. ग्वाल्हेरला पहाटेचा पारा चार-पाच अंशांवर, कधी त्याच्याही खाली उतरतो, पण दगडाच्या पोटातलं पाणी पुन्हा पुन्हा गोठावं इतकी थंडी इथे पडत नाही. इथला शत्रू आहे ओल.

आकाश निरभ्र असलं की बाक रात्रभर आपली उष्णता वर फेकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. त्याच्या पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूच्या खाली गेलं की हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. पातळ लोखंड हे सर्वांत लवकर करतं. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण धुक्याच्या दिवसांत ऊन पडायला अकरा-बारा वाजतात. म्हणजे संध्याकाळी आठ-नऊला ओला झालेला बाक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओलाच. पावसाळ्यात सर येते, वाहून जाते. दव वाहत नाही. ते सांध्यात, स्क्रूच्या डोक्याखाली, फळ्यांच्या फटीत बसून राहतं. गंज किती चढेल हे पाणी किती पडलं यापेक्षा लोखंड किती तास ओलं राहिलं यावर जास्त ठरतं.

दुसरी गोष्ट ताणाची. पहाटे पाच अंशांवर असलेलं लोखंड दुपारच्या उन्हात तीसपर्यंत तापतं. दोन मीटरचा पाइप एवढ्या फरकात अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त लांबतो आणि रात्री परत आखडतो. मे महिन्याशी तुलना केली तर फरक सव्वा मिलिमीटरच्या पुढे जातो. ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही, पण रंगाच्या थराला रोज जाणवते. रंग जुना आणि ताठर झाला असेल तर तो आधी सांध्यावर तडकतो, आणि त्या केसाएवढ्या भेगेतून दव आत जातं. बाक वर्षानुवर्षं चांगला दिसतो आणि मग एकाच हिवाळ्यात खराब होतो, त्याचं कारण बहुधा हेच.

पहिली पायरी: जागा

साहित्याच्या आधी जागा ठरवा. चुकीच्या जागी ठेवलेला उत्तम बाकही लवकर जातो.

सकाळचं ऊन बाकावर जितकं लवकर पडेल तितकं दव लवकर वाळेल. डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेकडे सरकून उगवतो, म्हणून बाकाचं तोंड आग्नेयेकडे ठेवणं सर्वांत चांगलं. उत्तरेचा वाराही तोंडावर येत नाही, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना बसवतं. दक्षिणेला भिंत किंवा इमारत असेल तर तिची सावली मोजून घ्या. ग्वाल्हेरला २१-२२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४० अंशांवरच असतो, म्हणून १० फुटी भिंतीची सावली दुपारी बारालासुद्धा पावणेबारा फुटांपर्यंत पडते. त्या पट्ट्यात ठेवलेला बाक महिनाभर ऊन बघणार नाही. जूनमध्ये जागा ठरवली तर हे लक्षातही येत नाही, कारण तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो.

झाडाखाली बाक ठेवावा का? घनदाट झाडाखाली दव कमी पडतं, कारण पानांचं छत बाकाची उष्णता आकाशात जाऊ देत नाही. पण तिथे ऊनही लागत नाही आणि धुकं पानांवर साचून दिवसभर थेंब थेंब गळत राहतं. मला शिसव किंवा शिरीष आवडतं. थंडीत पानं गळून ऊन खाली येतं आणि उन्हाळ्यात सावली मिळते. शिरीषाच्या फांद्या ठिसूळ, तेव्हा वाळलेल्या फांद्या वेळच्या वेळी उतरवायला हव्यात. जांभूळ आणि तुतीखाली बाक नकोच, ते डाग दगडातून निघत नाहीत.

हिरवळीत फवारे असतील तर त्यांच्या टप्प्याबाहेर बाक ठेवा. बागेच्या पाण्यात खताचे क्षार असतात आणि ते दगड आणि लोखंड दोन्ही खातात. महापालिकेच्या बागेत बाक द्यायचा असेल तर उद्यान विभागाची लेखी परवानगी घेतानाच ही जागा नकाशावर नोंदवून घ्या, नाहीतर बाक येतो तेव्हा मजूर जिथे सोयीचं वाटेल तिथे तो ठेवून जातात.

दुसरी पायरी: साहित्य

ग्वाल्हेरला पहिला विचार दगडाचा करावा असं माझं ठाम मत आहे. किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे ती वालुकाश्माची आहे आणि उरवाही बाजूने चढताना कड्यातले आडवे थर स्पष्ट दिसतात. पंधराव्या शतकात तोमरांच्या काळी याच कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती आजही उभ्या आहेत. इथले पाथरवट हा दगड ओळखतात, पटिया (दगडाची लांब सपाट लादी) सहज मिळतो, आणि बिघडला तर बदलता येतो. पण वालुकाश्म थरांचा बनलेला आहे, आणि त्याचं सगळं आयुष्य ते थर कसे बसवले यावर आहे. खाणीत जसे ते आडवे होते तसेच बाकातही आडवे राहिले पाहिजेत. बसायची फळी आडवी असते, तिथे हे आपोआप साधतं. गफलत होते ती पाठीच्या फळीत. पटिया उभा केला की थरही उभे होतात, ओल त्यांच्या मधून शिरते आणि तोंडाकडचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून दगडी बाकाला पाठ हवी असेल तर ती लाकडाची किंवा लोखंडी चौकटीची करा. नाहीतर बिनपाठीचा जाड दगडी कट्टा करा आणि तो भिंतीजवळ ठेवा, भिंतीला चिकटवून नव्हे. मध्ये हाताचा पंजा जाईल एवढी फट हवी म्हणजे ओल वाळते.

पटिया घेताना छोट्या हातोडीने ठिकठिकाणी टकटक करा. खणखणीत आवाज आला तर दगड अखंड, बद्द आवाज आला तर आत थर सुटलेले आहेत. मग त्यावर पाण्याचे थेंब टाका. क्षणात शोषला तर दगड मऊ आणि सच्छिद्र, तो आतल्या कामाला ठेवा. थेंब बराच वेळ वर उभा राहिला तर बाकाला चालेल. दोन आधारांमधलं अंतर चार फुटांपर्यंत असेल तर दोन इंची जाडी पुरते, पाच फुटांचा बाक करायचा तर तीन इंची घ्या किंवा मध्ये तिसरा पाया द्या. कडा गोल मठारून घ्या, तासलेली धारदार कड आधी फुटते. वरच्या पृष्ठभागाला पुढच्या बाजूला पाच मिलिमीटरचा उतार हवा. आणि खालच्या बाजूला कडेपासून बोटभर आत एक उथळ खाच मारून घ्या. पाणी कडेवरून वळून खाली आत जाऊ पाहतं ते या खाचेशी तुटून खाली पडतं. पाथरवटाला हे तासाभराचं काम आहे, आणि दगडी पायांचा माथा त्यामुळे कोरडा राहतो.

दगडाचे पाय थेट मातीत पुरू नका. जमिनीतली ओल क्षार घेऊन वर चढते, थंडीच्या कोरड्या दुपारी पाणी उडून जातं आणि क्षार दगडाच्या कातडीखाली साचून त्याला आतून फोडतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. पाया आणि दगड यांच्यामध्ये जाड प्लास्टिकचा किंवा डांबरी फेल्टचा थर घातला की हा प्रवास थांबतो. दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, चुन्याने भरा. निव्वळ सिमेंटच्या दर्जा वालुकाश्मापेक्षा कडक असतात, ओल त्यातून बाहेर पडत नाही आणि ती दगडातूनच वाट काढते. दगडी बाकाला ऑइलपेंट लावणं तर सरळ नुकसान. देवळांत हे फार दिसतं, श्रद्धेने केलेलं असतं, पण रंगाखाली अडकलेली ओल काही वर्षांत रंगासकट दगडाची सालही काढते. साफ करताना तेजाब कधीच वापरू नका, साबणाचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरेसा आहे.

लोखंडी बाक घ्यायचा तर पायांसाठी पाइपची जाडी निदान तीन मिलिमीटर मागा. बाजारातले हलके बाक दीड मिलिमीटरच्या आसपासच्या पाइपचे असतात, त्यात गंजायला लोखंडच थोडं असतं. पोकळ पाइपच्या आतही दव धरतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. हवा आत जाते, रात्री थंड होते, आतल्या भिंतीवर पाणी सुटतं आणि तळाशी साचतं. म्हणून वरची तोंडं वेल्डने पूर्ण बंद आणि सर्वांत खालच्या बिंदूला सहा ते आठ मिलिमीटरचं एक भोक, हा नियम कधीही सोडू नका. बाक तयार झाल्यावर संपूर्ण गॅल्व्हनाइज करून घेणं हा सर्वांत चांगला खर्च. वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या जाड लोखंडावर साधारण ८५ मायक्रॉनचा थर बसतो. तो ओरखडला तरी भोवतालचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. नुसत्या पावडर कोटिंगला हा गुण नाही, एक टवका उडाला की गंज त्याच्याखालून सरकत जातो. बुडवण्याआधी भोकं पाडलेली असलीच पाहिजेत. बंद पाइपात अडकलेली हवा किंवा ओल तापून तो बुडवताना फुटू शकतो, कामगाराच्या जिवाला धोका असतो. गॅल्व्हनाइज केल्यावर कुठे वेल्डिंग केलं तर तेवढ्या जागेचं जस्त जळतं, तिथे वायर ब्रश मारून जस्ताचा स्प्रे किंवा जस्तयुक्त प्राइमर लावा.

सिमेंटचे तयार बाक स्वस्त असतात आणि चोरीला जात नाहीत, म्हणून समित्यांना आवडतात. त्यात बघायचं ते सळईवरचं आवरण. सळईपासून पृष्ठभागापर्यंत निदान २५ मिलिमीटर काँक्रीट हवं. आवरण कमी असेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत पोचतो, काँक्रीटचा अल्कली गुण घटतो आणि सळईचं संरक्षण जातं. गंजलेली सळई मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागते आणि बाक सळईच्या रेषेत उभा चिरतो. थंडीत ओतलेला बाक घेताना अधिक काळजी घ्या. गारठ्यात सिमेंट सावकाश पकडतं, आणि पाच अंशांखाली काम करायचं तर भारतीय मानकांत त्याची वेगळी पद्धत सांगितलेली आहे. डिसेंबरात ओतलेल्या बाकाला पाणी मारण्याचे दिवस वाढवा, १४ दिवस तरी ओला ठेवा आणि २८ दिवसांच्या आत उचलू देऊ नका. घेताना खिळ्याने कोपऱ्यावर खरवडून बघा. पांढरी भुकटी सुटली तर त्याला पाणी मारलेलंच नाही.

लाकूड थंडीत सर्वांत सुखाचं. लोखंड उष्णता लाकडाच्या शेकडो पट वेगाने वाहून नेतं, दगड आणि काँक्रीटही दहा-पंधरा पट. म्हणून पहाटे लोखंडी बाकावर बसलं की शरीराची ऊब लगेच ओढली जाते. हा फक्त आरामाचा प्रश्न नाही. बाक गार लागला की माणसं त्यावर पुठ्ठे, पोती, जुनी गादी टाकतात, ती दवाने भिजतात आणि बाक दिवसचे दिवस ओला ठेवतात. म्हणूनच दगडी बाक करायचा नसेल तर माझी पसंती गॅल्व्हनाइज चौकटीवर सागवानी फळ्या, अशा जोड बाकाला आहे. फळी तीस मिलिमीटर जाड, साठ-सत्तर मिलिमीटर रुंद, दोन फळ्यांत आठ ते दहा मिलिमीटर फट. धुक्यात लाकूड रुंदीला फुगतं आणि मे महिन्यात आखडतं, फट कमी ठेवली तर फळ्या एकमेकींना रेटतात. स्क्रूची भोकं किंचित लांबट ठेवा, स्क्रू स्टेनलेसचे घ्या आणि जस्त व स्टेनलेस यांच्यामध्ये नायलॉनचा वायसर घाला. फळीची कापलेली टोकं, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, तिथून पाणी सर्वांत जास्त शिरतं. त्यांना जवसाच्या तेलाचे किंवा सीलरचे दोन-तीन हात स्वतंत्रपणे द्या.

प्लास्टिक मिसळलेल्या लाकडाचे बाक दवाला चांगले टिकतात, पण ४५ अंशांच्या उन्हात फळ्या वाकतात. घ्यायचेच तर दर चाळीस सेंटिमीटरला खालून आधार मागा.

तिसरी पायरी: पाया आणि बसवणी

गंज जवळजवळ नेहमी जमिनीपासून वरच्या चार बोटांत सुरू होतो. तिथे माती साचते, झाडू मारणारा पानं ढकलतो, कुत्रे पाय वर करतात. म्हणून लोखंडी पाय काँक्रीटमध्ये गाडण्यापेक्षा बेस प्लेट आणि बोल्टवर उभे करा. प्रत्येक पायाला फूटभर लांब-रुंद आणि दीड फूट खोल काँक्रीटचा ठोकळा पुरतो. त्याचा माथा जमिनीपासून दोन-तीन इंच वर घ्या आणि चारी बाजूंना उतरता करा, म्हणजे बेस प्लेटखाली पाणी थांबत नाही. बोल्ट बारा मिलिमीटरचे, गॅल्व्हनाइज केलेले. नट आवळल्यावर वरचे आटे ग्रीसने भरून टोपी बसवा. चोरीची भीती असेल तर नटला एक छोटा वेल्डचा टाका मारा आणि त्यावर लगेच जस्तयुक्त रंग लावा.

बाकासमोर पाय ठेवायची जागा फरशीची किंवा खडीची करा, पन्नासात एक एवढा उतार बाकापासून दूर जाईल असा द्या. समोर चिखल झाला की लोक बाकावर पाय ठेवून पाठीवर बसतात, आणि सांधे तिथेच सुटतात. आसनाची उंची जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटर ठेवा आणि निदान एका बाजूला हात टेकायला दांडा द्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यावरच भार देऊन उठायचं असतं, तेव्हा तो दांडा सुद्धा चौकटीला पूर्ण वेल्ड केलेला हवा.

स्मरणपाटी बसायच्या जागेवर कोरू नका. आडव्या अक्षरांत रात्रभर दव साचतं आणि दगड तिथूनच झिजायला लागतो, शिवाय नावावर कोणी बसावं हेही बरं दिसत नाही. पाठीच्या फळीवर, उभ्या पृष्ठभागावर पाटी लावा. पितळी पाटी थेट लोखंडावर ठोकली तर ओलीत लोखंड जास्त वेगाने गंजतं, मध्ये रबराचा पातळ तुकडा ठेवा.

चौथी पायरी: रंग, आणि तो दसरा-दिवाळीतच

थंडीची तयारी थंडीत करता येत नाही. पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलेला असतो, हवा कोरडी होते, रात्री अजून गार नसतात. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस बाक रंगवायला वर्षातले सर्वांत चांगले. डिसेंबरात लोखंड दुपारपर्यंत गार आणि ओलसर असतं. दोन भागांचा इपॉक्सी प्राइमर दहा अंशांखाली नीट पकडत नाही, आणि साध्या इनॅमलवर ओला असतानाच दव पडलं तर चमक जाऊन पांढुरकी झाक येते.

सुरुवात साबणाच्या पाण्याने धुण्यापासून करा. तेलकटपणा राहिला तर घासण्याने तो फक्त पसरतो. वाळल्यावर गंज वायर ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने काढा, चकचकीत धातू दिसेपर्यंत. घट्ट बसलेला जुना रंग खरवडून काढायची गरज नाही, फक्त त्याच्या कडा घासून सपाट करा. घासलेलं लोखंड त्याच दिवशी प्राइमरखाली गेलं पाहिजे. रात्रभर उघडं राहिलं तर पहाटेच्या दवाने त्यावर तांबूस थर चढलेला असतो आणि सगळी मेहनत पुन्हा करावी लागते. म्हणून रंगाऱ्याला सगळे बाक एकदम घासू देऊ नका, दुपारपर्यंत जेवढ्यांना प्राइमर लागेल तेवढेच घासायला सांगा.

पृष्ठभाग रंगायला तयार आहे का हे बघायची सोपी कसोटी: ओलसर फडकं लोखंडावरून फिरवा. तो ओला पट्टा दहा-पंधरा मिनिटांत वाळला तर काम सुरू करा, ओलसर राहिला तर लोखंड दवबिंदूच्या फार जवळ आहे, थांबा. मोजणारे लोक पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा तीन अंश तरी गरम आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी असं बघतात. फडक्याची कसोटी त्याचंच काम करते.

आधी कडा, वेल्ड आणि भोकांच्या कडांना छोट्या ब्रशने एक हात द्या. रंग सपाट भागावर जाड राहतो आणि धारेवरून सरकून पातळ होतो, गंज तिथूनच येतो. मग पूर्ण प्राइमर. साध्या रेड ऑक्साइडपेक्षा झिंक फॉस्फेट प्राइमर चांगला. गॅल्व्हनाइज बाकावर साधं इनॅमल थेट लावू नका, जस्ताशी त्याचं जमत नाही आणि ते साली सुटावं तसं उतरतं. त्याला आधी एच (etch) प्राइमर, म्हणजे जस्ताला घट्ट धरणारा प्राइमर, लागतो. इपॉक्सी उन्हात पावडर होऊन झडतो, म्हणून त्यावर पॉलियुरेथेनचा वरचा थर घ्या. वरच्या रंगाचे दोन हात, दोन्हींमध्ये डब्यावर सांगितलेला वेळ पूर्ण. काम दुपारी तीनला थांबवा, म्हणजे दव पडायच्या आधी थर सुकतो. पाणी निघायची भोकं रंगाने बुजली असतील तर तारेने मोकळी करा, हे शेवटी न विसरता.

लाकडाला याच दिवसांत जवसाच्या तेलाचा हात द्या. वॉर्निश चकाकतं पण तडकतं, आणि मग सगळंच खरवडावं लागतं. तेल दरवर्षी नुसतं फडक्याने चोळता येतं. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

पाचवी पायरी: थंडी सुरू झाल्यावर

बाक ताडपत्रीत गुंडाळू नका. आतली ओल बाहेर जात नाही आणि उघड्या बाकापेक्षा तो जास्त गंजतो. धुवायचाच असेल तर सकाळी अकरानंतर, ऊन असताना. पक्ष्यांची विष्ठा आणि पुठ्ठे रोज काढा. देवळाच्या आवारात पहाटे काकड्याला येणारी मंडळी असतात, त्यांच्यासाठी जुन्या सुती धोतराची दोन फडकी खुंटीला टांगून ठेवली तर येणारा स्वतःच बाक पुसून बसतो. एवढ्यानेही ओलीचे दोन-तीन तास वाचतात.

पण ग्वाल्हेरला हिवाळ्यात बाकाचं सर्वांत मोठं नुकसान शेकोटीने होतं. रात्रीचे चौकीदार, रिक्षावाले, रस्त्यावर झोपणारी माणसं बाकाजवळ, कधी त्याच्याखालीच जाळ करतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं, लाकडाचा जाळ ते सहज गाठतो. वालुकाश्म एका बाजूने तापून ढलपे सोडतो. काँक्रीट ३०० अंशांच्या पुढे गेलं की अनेकदा गुलाबीसर झाक धरतं आणि त्याची ताकद गेलेली असते.

इथे हाकलणं आणि पाट्या लावणं हा उपाय नाही. तीन अंशांच्या रात्री बाहेर असलेल्या माणसाला जाळ लागणारच, आणि तो त्याचा हक्क आहे. त्याला चांगली जागा द्या. अर्धा कापलेला लोखंडी ड्रम, तीन पाय, खाली दगडी फरशी, बाकापासून निदान सात-आठ फूट दूर, झाडाची मुळं आणि वरच्या तारा टाळून. शेजारी कोरडं लाकूड आणि पाण्याची बादली. टायर आणि प्लास्टिक जाळू नका, एवढं प्रेमाने सांगितलं तर लोक ऐकतात. आणि एवढी व्यवस्था असली की बाकाखाली जाळ करण्याचं कारणच उरत नाही. तरीही दगडी किंवा सिमेंटच्या बाकाखाली कधी आग लागलेली दिसली तर बाकावर पाणी ओतू नका, तापलेला दगड तडकतो. जाळ काठीने बाजूला ओढा आणि तिथे विझवा.

सहावी पायरी: होळीच्या आधीची तपासणी

फेब्रुवारीत धुकं ओसरलं की एकदा सगळे बाक हात लावून बघा. लोखंडी पायाच्या तळाशी स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. ते आत गेलं तर पाय गेला, बाक त्याच दिवशी बंद करा. नुसता वरवरचा गंज असेल तर तेवढी जागा घासून प्राइमर लावा आणि पूर्ण रंग दसऱ्यासाठी ठेवा. फळ्यांचे स्क्रू आवळा, ओल कमी झाल्यावर ते सैल झालेले असतात.

सिमेंटच्या बाकाला सळईच्या रेषेत भेग असेल तर वरून सिमेंटची लांबी (पुट्टी) भरून उपयोग नाही, आतला गंज ती पुन्हा फोडतो. तेवढा भाग सळईच्या मागेपर्यंत फोडा, सळई चकचकीत घासा, तिला जस्तयुक्त प्राइमर लावा आणि मग पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरून आठवडाभर ओलं ठेवा. भेग आसनाच्या मधोमध खालच्या बाजूला असेल तर दुरुस्तीत पडू नका. तिथे सळईच भार घेत असते, तो बाक बदला.

दगडावर पांढरा लोणा दिसला तर धुऊ नका, धुतल्याने क्षार पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा, भुकटी गोळा करून दूर टाका आणि ओल कुठून येते ते शोधा. बहुधा पायाशी साचलेली माती किंवा जवळचा गळका नळ सापडतो. सुटलेला पापुद्रा चिकटवण्यात अर्थ नाही. तो अलगद काढा, खालचा दगड मठारून उतार पुन्हा करून घ्या.

प्रत्येक बाकाला एक क्रमांक द्या आणि समितीच्या वहीत त्याचं पान करा: केव्हा बसवला, पाइप किती जाड, कोणता प्राइमर, शेवटचा रंग कधी. समिती बदलते, रंगारी बदलतो, आणि पुढचा माणूस इपॉक्सीवर काय लावायचं हे त्या पानावरूनच ठरवू शकतो. बाक देणाऱ्या कुटुंबाने देणगीबरोबरच दरवर्षीच्या तेल-रंगाची थोडी रक्कम वेगळी ठेवली, तर दसऱ्याच्या आठवड्यात रंगाऱ्याला बोलावताना वर्गणी गोळा होण्याची वाट बघावी लागत नाही.